रिपोट बरो इलो, मगे परत कित्याक? : संबंधानंतरच्या रक्तस्रावाचं एक प्रकरण

गौरी-गणपती पाण्यात गेले की पुढचे तीन-चार दिवस माझ्या ओपीडीला वेगळीच गर्दी असते. चाकरमानी अजून गावात असतात, परतीच्या गाडीचं तिकीट दोन दिवसांवर आलेलं असतं, आणि वर्षभर अंगावर काढलेली दुखणी तेवढ्या फटीत दाखवून घ्यायची असतात. सिंधुदुर्गातल्या तालुक्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून बसते त्याला आता बरीच वर्षं झाली. या गर्दीत नवरा-बायको दोघं एकत्र आत येतात, हे तिचं वैशिष्ट्य. एरवी बायका सासूबरोबर येतात, नाहीतर आशाताईबरोबर.

2024च्या सप्टेंबरात असंच एक जोडपं आलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, वैद्यकीय भाग मात्र जसाच्या तसा आहे. त्या बेचाळीस वर्षांच्या. दोन मुलं, धाकटी मुलगी सतरा वर्षांची, तिच्यानंतर लगेच कुटुंबनियोजनाचं ऑपरेशन. गावात सासू, थोडी भातशेती, काजूची वीसेक झाडं. नवरा मुंबईत भांडुपला राहतो, एका कंपनीत सुरक्षारक्षक आहे. येतो गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात आठ-दहा दिवस.

नवरा खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मॅडम, हिला तपासा नीट. ही काय सांगायची नाही." मग स्वतःच उठून बाहेर जाऊन बसला. तो बाहेर गेल्यावरही त्या बराच वेळ पर्सची चेन उघडझाप करत राहिल्या.

"माका सांगूक लाज वाटता," त्या शेवटी म्हणाल्या. "ह्ये इले काय मगे दोन-तीन डाग पडतत. लाल भडक. ह्ये गेले काय बंद."

किती वेळा झालं असं, मी विचारलं. वर्षात तीन-चारदा, असं उत्तर आलं.

या उत्तरापाशी थोडं थांबते, कारण इथेच गफलत होते. वर्षात तीन-चारदा म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं, किरकोळ आहे, अधूनमधून होतं. मी कॅलेंडर पुढे ओढलं आणि आम्ही दोघींनी मोजलं. वर्षभरात नवरा-बायको एकत्र होते ते सगळे मिळून पंचवीसेक दिवस. त्यात संबंध आले पाच-सहा वेळा, आणि त्यातल्या चार वेळा रक्त दिसलं. म्हणजे 'अधूनमधून' नव्हे, जवळजवळ दर वेळी. घरात रोज नवरा असलेल्या बाईला दर वेळी रक्त दिसलं असतं तर ती दोन महिन्यांत घाबरून आली असती. इथे गणपती ते शिमगा आणि शिमगा ते मे अशी मधली लांबलचक गॅप दुखणं झाकून ठेवते. नवरा बोटीवर खलाशी असो की दुबईत, किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांत हेच कॅलेंडर चालतं. म्हणून 'वर्षात किती वेळा' हा प्रश्न मी सोडून दिला आहे. 'दहा वेळा जवळ आलात तर किती वेळा' असं विचारते.

आधी काय काय झालं होतं

पहिल्यांदा डाग दिसले 2023च्या गणपतीत. त्यांना वाटलं, पाळी चार दिवस आधी आली. घरात गणपती, म्हणून त्या मखराजवळही गेल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी काहीच नाही, तेव्हा गोंधळल्या, पण कोणाला बोलल्या नाहीत. शिमग्याला पुन्हा तेच. या वेळी जावेला सांगितलं. जावेचं निदान तयार होतं: उष्णता. नवरा इतक्या महिन्यांनी घरी आल्यावर असं होतंच. सब्जा, कोकम सरबत, आणि तिरफळं घातलेलं काही खायचं नाही. मे महिन्यात तिसऱ्यांदा झालं. नवरा परत गेल्यावर त्या धीर करून एका दवाखान्यात जाऊन आल्या. तिथे सोनोग्राफी झाली, गर्भाशयाच्या मागच्या भिंतीत 2.1 सेंटीमीटरची गाठ दिसली, फायब्रॉइड. रक्त थांबायच्या गोळ्या मिळाल्या आणि सल्ला मिळाला की दोन मुलं झाली आहेत, पिशवी काढून टाका, कटकट जाईल.

"आतून तपासलं होतं का?" मी विचारलं.

"नाय. सोनोग्राफी केल्यानी मां!"

हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. सोनोग्राफी म्हणजे आतून तपासणं, असा आपल्याकडे पक्का समज झाला आहे आणि तो बायकांनी एकट्यांनी करून घेतलेला नाही, आम्ही डॉक्टरांनीच करून दिला आहे. सोनोग्राफीत गर्भाशयाची भिंत दिसते, अस्तराची जाडी दिसते, अंडाशय दिसतात. गर्भाशयाचं तोंड म्हणजे ग्रीवा, तिच्या पृष्ठभागावर काय चाललंय हे तिथे कळत नाही. ते डोळ्यांनीच बघावं लागतं, दोन मिनिटांचं काम असतं. आणि भिंतीत रुतून बसलेली दोन सेंटीमीटरची गाठ संबंधानंतर ताजं रक्त काढत नाही. पाळीत जास्त जाईल, पोटात दुखेल, बहुतेक वेळा काहीच होणार नाही. बेचाळिशीतल्या कितीतरी बायकांच्या पोटात अशी गाठ निवांत पडलेली असते. पण ती सापडली आणि शोध संपला. तिच्या नावाने अख्खं गर्भाशय जाणार होतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचा विषय 2019 साली विधिमंडळापर्यंत गेला. आपल्या बाजूला ऊस नाही म्हणून हा प्रकार नाही, असं समजायचं कारण नाही.

त्यांनी सल्ला मानला नव्हता, तो भातलावणी तोंडावर होती म्हणून. सप्टेंबरात चौथ्यांदा झालं, नवऱ्याने चादर बघितली आणि तो त्यांना घेऊन आला. या प्रकरणात कोणाचं कौतुक करायचं तर त्याचं.

मनात काय काय होतं

तपासायच्या आधी डोक्यात जी यादी असते ती वयानुसार वर-खाली होते. पंचविशीतली बाई असती तर मी आधी ग्रीवेच्या आतल्या नाजूक आवरणाचा विचार केला असता. हे आवरण संप्रेरकांच्या प्रभावाने बाहेरच्या बाजूला पसरतं, गरोदरपणात आणि गर्भनिरोधक गोळ्यांवर जास्त. लालबुंद दिसतं, कापसाचा बोळा लागला तरी रक्त येतं. याला आपल्याकडे सर्रास 'पिशवीच्या तोंडाला जखम' म्हणतात. ती जखम नाही, आजारही नाही. पण 'जखम' हा शब्द ऐकून बायका महिनोन्‌महिने औषधं घेतात, नाहीतर ती जागा जाळून घेतात. फार त्रास असेल आणि ग्रीवेची तपासणी स्वच्छ असेल तरच त्यावर उपचार करायचे.

पन्नाशी ओलांडलेली असती तर कोरडेपणा आधी आठवला असता. आपल्याकडे पाळी सरासरी 46-47च्या आसपास जाते. त्यानंतर योनीचं आवरण पातळ होतं, ओलावा कमी होतो आणि घर्षणाने ओरखडा उठतो. इस्ट्रोजेनचं मलम यावर छान काम करतं. मात्र पाळी पूर्ण गेल्यावर आलेलं रक्त कोरडेपणाच्या खात्यावर टाकण्याआधी गर्भाशयाचं अस्तर तपासावंच लागतं.

बेचाळिशीत या दोन टोकांच्या मधलं सगळं येतं. ग्रीवेचा दाह: क्लॅमिडिया, गोनोरिया, ट्रायकोमोनास यांचा संसर्ग, आणि तो असेल तर नवऱ्यालाही औषध, नाहीतर पुढच्या गणपतीत पुन्हा तेच. पॉलिप, म्हणजे ग्रीवेतून लोंबणारी छोटी वाढ. तांबी बसवलेली असेल तर तिचे धागे. रक्त पातळ करायच्या गोळ्या. फार क्वचित ग्रीवेचा क्षयरोग, जो आपल्या देशात विसरून चालत नाही. कधीकधी रक्त योनीतून नसतंच, लघवीच्या जागेच्या मांसल फोडातून किंवा मूळव्याधीतून येतं आणि चादरीवर फरक कळत नाही. ऑपरेशन झालेलं असलं तरी लघवीची गरोदरपणाची चाचणी मी करतेच. नळ्या बांधलेल्या बाईला गर्भ राहिला तर तो नळीतच अडकलेला असायची शक्यता जास्त, आणि ती चूक जिवावर बेतते. दीर्घ विरहानंतरच्या संबंधात योनीला चीर पडणं हेही खरं आहे, म्हणजे जावेच्या निदानात अगदीच तथ्य नव्हतं असं नाही. पण चीर पडली तर रक्त दोन डागांवर थांबत नाही. पॅड भिजायला लागतं, वेदना होते, चक्कर येते. अशा वेळी सकाळची वाट न बघता रात्रीच निघायचं असतं.

आणि कॅन्सर. तो यादीत कितव्या नंबरवर ठेवायचा हा खरा प्रश्न. ब्रिटनमधल्या एका जुन्या हिशोबानुसार संबंधानंतर रक्त येणाऱ्या 20 ते 24 वयाच्या बायकांत 44,000मध्ये एकीला ग्रीवेचा कॅन्सर निघतो, 45 ते 54 वयात 2,400मध्ये एकीला. ऐकून हायसं वाटतं. पण तो आकडा अशा देशातला आहे जिथे बायकांची ठरावीक वर्षांनी तपासणी होतेच. आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21च्या फेरीत 30 ते 49 वयाच्या अवघ्या 1.9 टक्के बायकांनी सांगितलं की त्यांची ग्रीवेची तपासणी कधीतरी झाली आहे. आयुष्यात एकदा! देशात दर वर्षी सव्वा लाखाच्या आसपास नव्या बायकांना हा कॅन्सर होतो. म्हणून इथे मी ते नाव यादीत शेवटी लिहीत नाही. बहुतेकींना तो नसतो, हे त्यांना सांगते, आणि नाही हे स्वतः बघितल्यावरच सांगते.

टेबलावर

स्पेक्युलम, म्हणजे ग्रीवा दिसावी म्हणून योनी उघडून धरणारं साधन, घातला आणि कारण समोरच लटकत होतं. ग्रीवेच्या तोंडातून बाहेर डोकावणारा, पिकलेल्या करवंदाएवढा, चकचकीत लाल पॉलिप. बोळ्याने नुसतं टेकवलं आणि रक्ताचा थेंब आला. चाळिशीतल्या, बाळंतपणं झालेल्या बायकांत हे नेहमीचं. आतल्या आवरणाची ही छोटी वाढ देठावर लोंबते, धक्का लागला की रक्त. त्यात कॅन्सर निघायचं प्रमाण शंभरात एकापेक्षाही कमी, तरी काढलेला तुकडा तपासायला पाठवायचा असतो. काढायला भूल लागत नाही. चिमट्यात धरायचा, पिळत पिळत फिरवायचा, देठ सुटतो.

मी तेच केलं. मिनिटभराचं काम. मग देठाच्या जागेतून थोडं रक्त वाहायला लागलं, पाच मिनिटं बोळा दाबून धरला, थांबलं. बोळा काढला तेव्हा सगळीकडे रक्ताचा पातळ थर. बाकीची ग्रीवा 'ठीक दिसते' असं मी कागदावर लिहिलं.

आता माझी चूक सांगते, कारण हे प्रकरण लिहायला बसले ते तिच्याचसाठी. पॉलिपला हात लावण्याआधी ग्रीवेला व्हिनेगर लावून बघायला हवं होतं, नाहीतर निदान एचपीव्ही, म्हणजे ग्रीवेच्या कॅन्सरला कारण होणाऱ्या विषाणूच्या चाचणीचा नमुना घ्यायला हवा होता. कारण सापडल्याच्या आनंदात मी ते दोन्ही राहू दिलं आणि रक्ताने माखलेल्या ग्रीवेवर नंतर काहीच करता येईना. त्या दवाखान्यात सोनोग्राफीतली गाठ सापडली आणि बघणं थांबलं, म्हणून मी मनातल्या मनात नाकं मुरडली होती. माझ्या टेबलावर पॉलिप सापडला आणि माझंही थांबलं. फरक इतकाच की मला सापडलेलं कारण खरं होतं.

आमच्या सिस्टर ट्रे उचलताना म्हणाल्या, "मॅडम, वाटी तशीच राहिली." व्हिनेगरची वाटी. मी म्हटलं, दोन आठवड्यांनी बोलावू, तेव्हा करू.

एचआयव्हीची तपासणी केली, निगेटिव्ह आली. हीही चुकवू नये. एचआयव्ही असलेल्या बाईला ग्रीवेच्या कॅन्सरचा धोका सहापट असतो. पॉलिपचा रिपोर्ट आठ दिवसांत आला: साधा, कॅन्सर नाही. तो त्यांच्या मुलीच्या मोबाइलवर पाठवला, सोबत लिहिलं की तरीही एकदा येऊन जा.

पितृपक्ष गेला, नवरात्र गेलं. त्या आल्या नाहीत. मी फोन केला तेव्हा मागे झोडणीचा आवाज येत होता.

"रिपोट बरो इलो मां? मगे परत कित्याक?"

या प्रश्नाला फोनवर द्यायला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. माझ्या चुकीमुळे राहिलेली तपासणी आहे असं सरळ सांगायला हवं होतं. मी म्हटलं, नेहमीची तपासणी असते. नेहमीच्या तपासणीसाठी भर भातकापणीत कोण येतं? त्यांच्या गावच्या आशाताईंना मात्र मी खरं ते सांगितलं. दिवाळी झाल्यावर एका दुपारी त्याच त्यांना एसटीतून घेऊन आल्या.

पांढरा डाग

व्हिनेगरची तपासणी इतकी साधी आहे की लोकांना ती खरी वाटत नाही. पाच टक्क्यांचं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, म्हणजे स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरच्याच जातीचं, बोळ्याने ग्रीवेला लावायचं आणि एक मिनिट थांबायचं. निरोगी आवरण गुलाबीच राहतं. ज्या पेशींची वाढ बिघडायला लागली आहे त्यांचा भाग दाट पांढरा होतो. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक रुग्णालयाने 1998पासून दीड लाख बायकांवर याचा अभ्यास केला. डॉक्टर नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य सेविका तपासत होत्या, आणि त्या गटात ग्रीवेच्या कॅन्सरने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी कमी झाले. एचपीव्ही चाचणी याहूनही सरस. तिची मोठी परीक्षा झाली ती आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात. 1,31,746 बायकांचा तो अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला, आणि आयुष्यात एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. जगभरची धोरणं ज्या अभ्यासांवर उभी आहेत त्यांतले हे दोन आपल्या राज्यातले, आणि आपल्याच बायकांना ही तपासणी ठाऊक नाही. व्हिनेगरला एक मर्यादा आहे. वय वाढतं तसा ग्रीवेचा जो पट्टा बघायचा असतो तो आत सरकतो, त्यामुळे पन्नाशीनंतर त्यावर विसंबता येत नाही. आणि ही सगळी चाळणी, म्हणजे स्क्रीनिंग, आहे ती कसलाही त्रास नसलेल्या बायकांसाठी. ज्या बाईला रक्त येतंय तिची चाळणी स्वच्छ आली म्हणून तिला घरी पाठवायचं नसतं, आणि डोळ्यांना खडबडीत, ठिसूळ वाढ दिसली तर चाळणीच्या रिपोर्टची वाट न बघता थेट तुकडा घ्यायचा असतो.

वाढ वगैरे काही नव्हती. पॉलिपची जागा पूर्ण भरली होती. मी मिनिट मोजलं. ग्रीवेच्या मागच्या ओठावर, घड्याळात पाच ते सातच्या मध्ये, धारदार कडांचा दाट पांढरा डाग उमटला.

सिस्टरनी माझ्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत.

पुढे कॉल्पोस्कोप, म्हणजे ग्रीवा मोठी करून दाखवणारी दुर्बीण. ती कुडाळला माझ्या एका मैत्रिणीकडे आहे. तिथे त्या डागातून दोन छोटे तुकडे घेतले. रिपोर्ट आला: सीआयएन 3. आवरणाच्या पूर्ण जाडीत पेशी बिघडलेल्या, पण आवरणाचा पाया ओलांडून खाली गेलेल्या नाहीत. कॅन्सरच्या उंबरठ्यावर, आत पाऊल नाही.

'उंबरठा' शब्द मी मुद्दाम वापरते, पण त्याने घाबरवलंही जातं आणि निष्काळजीही होता येतं. खरी कल्पना न्यूझीलंडमधल्या एका दुर्दैवी प्रकारातून येते. ऑकलंडच्या एका रुग्णालयात साठ-सत्तरच्या दशकांत अशा काही बायकांना उपचार न देता नुसतं बघत राहिले. त्यांतल्या साधारण 31 टक्के बायकांना तीस वर्षांत कॅन्सर झाला. ज्यांना व्यवस्थित उपचार मिळाले त्यांच्यात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी होतं. म्हणजे आज रात्री धावपळ करायची गरज नाही, आणि पुढच्या वर्षी बघू असंही चालत नाही.

वैद्यकीयदृष्ट्या या प्रकरणातला मजेशीर भाग हा की सीआयएन सहसा रक्त काढत नाही, दुखत नाही, काहीच करत नाही. चादरीवरचं रक्त पॉलिपचंच होतं. पॉलिप निघाल्यावर रक्त थांबलंही असतं आणि त्या पुढच्या पाच-दहा वर्षांत माझ्याकडे फिरकल्या नसत्या. पांढरा डाग मागच्या ओठावर गुपचूप वाढत राहिला असता. आणि मे महिन्यातला सल्ला मानून पिशवी काढली असती तर? सीआयएनवर तो अवास्तव मोठा उपचार झाला असता, इतकंच. पण त्याच जागी कॅन्सर आत शिरलेला असता आणि कोणी न बघता साधी पिशवी काढली असती, तर ऑपरेशन अपुरं पडून पुढे किरणोपचारांपर्यंत वेळ आली असती. अशा बायका मी बघितल्या आहेत.

त्यांना रिपोर्ट समजावून सांगताना मी 'कॅन्सर' हा शब्द टाळला नाही. कॅन्सर नाही, न बघता सोडलं तर होऊ शकतो, असं सांगितलं. त्यांनी विचारलं, "बांबोळीक जावचा लागतला?" आमच्याकडे बांबोळी म्हणजे गोव्याचं मेडिकल कॉलेज. 'बांबोळीक न्हेला' असं कोणाबद्दल म्हटलं की ऐकणारा आवाज खाली आणतो. नको, म्हटलं, कुडाळलाच होईल, त्याच दिवशी घरी याल.

मुंबईचा प्रश्न

दुसरा प्रश्न यायला वेळ लागला. हे एचपीव्ही विषाणूमुळे होतं आणि तो संबंधांतून येतो, हे मी सांगून झालं होतं. त्या टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होत्या.

"म्हंजे ह्येंनी मुंबयत काय तरी…"

वाक्य तिथेच राहिलं. अशा घरांत हे वाक्य वर्षानुवर्षं अर्धवट पडून असतं, कोणी ते पुरं करत नाही. माझ्या एका रिपोर्टने ते बाहेर आलं होतं, आणि मी काय उत्तर देते यावर एक संसार हलणार होता. म्हणून जेवढं खरं आहे तेवढंच सांगितलं, जास्त नाही, कमी नाही.

हा विषाणू इतका सर्रास आहे की संबंध येणाऱ्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो लागतो. दहातल्या आठ-नऊ जणांच्या शरीरातून दोन वर्षांत निघूनही जातो. काहींच्यात राहतो, दबून राहतो, वर्षानुवर्षं. संसर्गापासून कॅन्सरपर्यंतचा प्रवास साधारण पंधरा-वीस वर्षांचा. तुमचं लग्न झालं बावीस वर्षांपूर्वी. हा विषाणू तेव्हाचा असेल किंवा नंतरचा, कोणाकडून कोणाला गेला, हे जगातली कुठलीही तपासणी सांगू शकत नाही. हा रिपोर्ट नवऱ्याच्या वागणुकीचा दाखला नाही. त्याच्या बाजूने नाही, विरुद्धही नाही.

मी त्यांना 'तुमचा नवरा तसा नाही' असं म्हटलं नाही. मला ते माहीत नाही. क्लॅमिडिया किंवा गोनोरिया निघाला असता तर माझं बोलणं वेगळं असतं, दोघांना एकत्र बसवून औषध द्यावं लागलं असतं. इथे तसं काही नव्हतं.

त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "तेंका तुमीच सांगा फोनार. मी सांगलंय तर तेंका वाटतला मी संशय घेतंय." मी फोन केला. तो शांतपणे ऐकत होता. शेवटी त्याने विचारलं, "मॅडम, माझ्यामुळे झालं का हे?" त्यालाही मी तेच उत्तर दिलं, त्याच शब्दांत. मग त्याने विचारलं, मुलीला काय करायचं. याची मी वाट बघत होते. या विषाणूची लस आहे, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची देशी लसही आता मिळते. 9 ते 14 वयात दोन डोस, पंधरा ओलांडल्यावर तीन. मुलगी सतरा वर्षांची, म्हणजे तीन. खर्च किती ते त्याने लिहून घेतलं.

डिसेंबरात

लीप या प्रक्रियेत विजेवर तापणाऱ्या तारेच्या वळ्याने ग्रीवेचा बिघडलेला भाग बशीसारखा कापून काढतात. जागेवर भूल दिली, पंधरा-वीस मिनिटं लागली. महिनाभर संबंध नाहीत, जड उचलायचं नाही, विहिरीवर पाणी भरायला सासू जाईल, असं ठरलं. नवरा तोवर मुंबईतच होता, त्यामुळे पहिल्या अटीची अडचण नव्हती, असं त्या हसून म्हणाल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या. दहाव्या दिवशी थोडं रक्त गेलं, ते अपेक्षित असतं. कापलेल्या तुकड्याचा रिपोर्ट: सीआयएन 3, कडा स्वच्छ, कुठेही आत शिरकाव नाही.

फायब्रॉइड तिथेच आहे, 2.1 सेंटीमीटर. त्याला कोणी हात लावलेला नाही.

सहा महिन्यांनी, 2025च्या जूनमध्ये, एचपीव्हीची चाचणी केली. निगेटिव्ह. मधल्या शिमग्याला नवरा येऊन गेला होता, मे महिन्यातही. रक्त नाही. आता पुढची तपासणी एका वर्षाने, त्यानंतर आणखी दोन वर्षं दर वर्षी, आणि मग अंतर वाढवायचं, पण थांबवायचं नाही.

"मगे पुढच्या जूनात?" त्यांनी विचारलं.

"हो. आणि या वेळी फोन करायला लावू नका."

"लावणी आटापली काय येतंय," त्या म्हणाल्या, आणि मी फाइलवर जूनच्या जागी जुलैचा शेवट लिहिला.

आमच्या ट्रेची मांडणी सिस्टरनी मला न विचारता बदलली आहे. आधी पॉलिपचा चिमटा हाताशी असायचा आणि व्हिनेगरची वाटी मागे कोपऱ्यात. आता वाटी पुढे असते. चिमटा कपड्याखाली झाकलेला, आणि तो मागितला की त्या आधी वाटीकडे बघतात.